हात न टेकता उठता येतं का? अंगाच्या वजनावरच्या कसरतींचं साधं गणित

मांडी घालून जमिनीवर बसा. आता हात, गुडघा, कोपर काहीही न टेकता उभे राहा. जमलं तर शंभरी नक्की, नाही जमलं तर काही खरं नाही! असा दावा करणारे व्हिडिओ दर काही महिन्यांनी फोनवर नव्याने फिरू लागतात. त्यांच्या जोडीला एका पायावर 10 सेकंद उभं राहण्याचा व्हिडिओ असतो, आणि चार-सहा तरुणांनी एकमेकांच्या पाठीवर चढून रचलेला मनोराही असतो. बघणाऱ्याचा गोंधळ होतो. हा पोरखेळ आहे की व्यायाम? आणि उठता आलं नाही म्हणजे नेमकं काय बिघडलं?

दाव्यात खरं किती?

दाव्याच्या मुळाशी खरा अभ्यास आहे. ब्राझीलमधले डॉक्टर क्लॉडिओ जिल अराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 51 ते 80 वयाच्या 2002 लोकांना जमिनीवर बसायला आणि उठायला लावलं. बसण्याचे 5 गुण, उठण्याचे 5. हात किंवा गुडघा टेकला की दर टेक्यामागे एक गुण वजा, तोल डळमळला की अर्धा. पुढची सुमारे 6 वर्षं या लोकांची नोंद ठेवली गेली. 2012 साली निष्कर्ष आले: ज्यांना 3 किंवा त्याहून कमी गुण होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण 8 ते 10 गुण मिळवणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. याच गटाने 2022 साली एका पायावर 10 सेकंद उभं राहण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 51 ते 75 वयाचे 1702 लोक होते आणि पाचातल्या साधारण एकाला ते जमलं नव्हतं.

मात्र ही चाचणी थर्मामीटरसारखी आहे. पारा वर गेला म्हणजे अंगात काहीतरी चाललंय हे कळतं, पण थर्मामीटर गार पाण्यात बुडवून ताप उतरत नाही. तसंच, उठण्याची युक्ती घोकून एक दिवस 10 गुण मिळवले म्हणून आयुष्य वाढत नाही. उठता येण्यासाठी मांड्यांत जोर लागतो, घोटे आणि खुबे मोकळे लागतात, तोल लागतो, आणि हाडांवर फार जादा वजन नसावं लागतं. अभ्यासात गुण मोजले गेले, पण आयुष्याशी नातं असेल तर ते या गोष्टींचं. शिवाय हे सगळे लोक पन्नाशीपुढचे होते. तिशीतल्या माणसाने त्यावरून स्वतःचं भविष्य काढू नये.

तरीही या कसरती करण्यासारख्या आहेत, कारण त्या जोर, लवचिकपणा आणि तोल तिन्ही एकदम मागतात. यंत्रावर बसून मांडीचा व्यायाम करताना तोल यंत्र सांभाळतं. इथे ते काम तुमच्याकडे असतं.

कसरत अवघड का होते?

दोनच शब्द लक्षात ठेवायचे आहेत. पहिला गुरुत्वमध्य: अंगाचं सगळं वजन जणू ज्या एका बिंदूत एकवटलं आहे तो बिंदू. ताठ उभ्या माणसात तो जमिनीपासून उंचीच्या साधारण 55 टक्क्यांवर, म्हणजे बेंबीच्या थोडा खाली येतो. हात वर केले, वाकलो, पाय उचलला की तो सरकतो. दुसरा आधारक्षेत्र: जमिनीला टेकलेल्या अवयवांच्या बाहेरून दोरी ओढली तर मधे जेवढी जागा येते ती. गुरुत्वमध्यातून सरळ खाली सोडलेला ओळंबा या जागेत पडला तर माणूस उभा राहतो, बाहेर गेला तर पडतो. तोलाच्या सगळ्या कसरती म्हणजे या ओळंब्याला त्या जागेत ठेवण्याची धडपड. दोन पायांवर जागा मोठी असते, एका पायावर पावलाएवढी उरते, आणि डोळे मिटले की शरीर कुठे कललंय याची खबर देणारा एक मोठा मार्ग बंद होतो. म्हणून एका पायावर आरामात अर्धा मिनिट उभे राहणारे लोकही डोळे मिटताच पाच-सात सेकंदांत पाय टेकतात.

तिसरी बाब अंतराची आहे. आधार वजनापासून जितका लांब, तितका त्याच्या वाट्याला भार कमी आणि दुसऱ्या टोकाला जास्त. जोर (पुश-अप) काढताना हात सरळ असतील तेव्हा तळव्यांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग येतो, छाती खाली गेल्यावर जवळजवळ तीन-चतुर्थांश. पायांऐवजी गुडघे टेकले की हातांवरचा भार निम्म्याच्या आसपास उतरतो. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 40 किलोऐवजी 30 किलो पेलायचे. वजनं विकत न आणता भार कमीजास्त करायची ही युक्ती पुढच्या जवळपास प्रत्येक कसरतीत कामाला येते.

मांडीवरून उठणं, बारकाईने

मांडी घालून बसलं की गुरुत्वमध्य पावलांच्या बराच मागे असतो. उठायला निघालेला माणूस बहुतेक वेळा सरळ वर उठू बघतो आणि मागे कलंडतो. पायांत जोर नाही असं त्याला वाटतं. खरं तर वजन अजून पावलांवर आलेलंच नसतं, मग जोर लावणार कशावर?

म्हणून क्रम असा. टाचा जमतील तितक्या बुडाजवळ ओढा. पावलं एकमेकांवरून ओलांडलेली, बाहेरच्या कडा जमिनीला. दोन्ही हात छातीच्या उंचीवर सरळ पुढे. दोन्ही हात मिळून शरीराच्या वजनाच्या सुमारे दहाव्या भागाचे असतात, त्यामुळे ते नुसते पुढे केल्यानेच गुरुत्वमध्य 3-4 सेंटिमीटर पुढे येतो. आता पाठ न वाकवता खुब्यातून पुढे झुका, नाक पावलांच्या पुढे जाईपर्यंत. बूड हलकं झाल्यासारखं वाटेल. त्या क्षणी पावलांच्या कडा जमिनीत दाबा आणि उठा. उठता उठता पावलं तळव्यावर फिरतात, ती फिरू द्या. मोज्यांनी ती सरकतात, म्हणून अनवाणी करा.

जमत नसेल तर 20 सेंटिमीटर उंचीच्या पाटावर किंवा घट्ट उशीवर बसून सुरुवात करा आणि दर आठवड्याला उंची थोडी कमी करा. दुसरी सोय आणखी गमतीची आहे: हातात दोन लिटर पाण्याची बाटली समोर धरा. वजन वाढूनही उठणं सोपं होतं, कारण गुरुत्वमध्य पुढे ओढला जातो. उठण्याइतकंच बसणंही महत्त्वाचं. शेवटच्या वीतभर अंतरात धपकन बसलात तर तेवढ्या भागात मांड्यांचा ताबा नाही असं समजा. तीन मोजत उतरा.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ आली तर थांबा. ओलांडलेल्या पायांवर उठताना गुडघ्याला पीळ बसतो, आणि ज्यांचा गुडघा बदलला आहे किंवा ज्यांच्या गुडघ्यातली गादी फाटली आहे त्यांनी ही कसरत करू नये. त्यांच्यासाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं हाच योग्य प्रकार, खुर्चीची उंची हळूहळू कमी करत.

प्राण्यांच्या चाली

अस्वलचाल, खेकडाचाल, अळीचाल, बेडूकउडी ही नावं लहान मुलांच्या खेळातली वाटतात. मोठ्यांनी 10 मीटर अस्वलचाल करून बघावी. धाप लागते.

अस्वलचालीत दोन्ही तळवे आणि चवडे टेकायचे, गुडघे जमिनीपासून चार बोटं वर. उजवा हात आणि डावा पाय एका वेळी, मग उलट. पाठ सपाट हवी. चुकतं ते बहुधा असं: बूड उंच जातं आणि वजन पायांवरच राहतं, मग हातांना आणि पोटाला काम उरत नाही.

खेकडाचालीत उलटं. बसून हात मागे टेकायचे, बूड उचलायचं आणि हातापायांवर चालायचं. इथे खांद्याचा पुढचा भाग ताणला जातो, जो दिवसभर पुढे वाकून काम करणाऱ्यांचा आखडलेला असतो. बोटं मागे वळवली की मनगट आणि खांदा दोन्हींवर ताण वाढतो. सुरुवातीला बोटं बाहेरच्या बाजूला ठेवा. खांदे कानांकडे चढू लागले किंवा बूड जमिनीला लागू लागलं की फेरी संपली. पाच मीटर पुरे.

अळीचालीत उभं राहून वाका, तळवे जमिनीवर, मग हातांनी पुढे चालत जा, अंग फळीसारखं सरळ होईपर्यंत. दोन सेकंद थांबून पावलांनी छोटी छोटी पावलं टाकत हातांकडे या. हात जितके पुढे जातील तितका पोटावर भार जास्त. कंबर खाली झोळ खाऊ लागली की हात जास्त पुढे गेले आहेत. वाकताना तळवे जमिनीला पोचत नसतील तर गुडघे खुशाल वाकवा.

बेडूकउडीबद्दल एकच: उतरताना आवाज यायला नको. चवडे आधी, मग टाच, गुडघे पावलांच्या दिशेने. गुडघे आत वळत असतील तर उडी छोटी करा. उभ्याने उडी मारून हवेत अर्धी गिरकी घेणं, मग पाऊण, मग पूर्ण, यालाही हाच नियम. गिरकी पूर्ण होऊनही तुम्ही अडखळून पाऊल टाकलंत तर ती उडी धरायची नाही.

बेडूकतोल: हातांवरचा पहिला तोल

हातांवर उभं राहायची हौस अनेकांना असते, पण थेट भिंतीला पाय लावून सुरुवात करण्यापेक्षा बेडूकतोल आधी शिकावा. यात गुरुत्वमध्य जमिनीपासून फार वर नसतो, त्यामुळे पडलात तरी ढुंगणावर किंवा पायांवर येता.

उकिडवे बसा. तळवे खांद्याएवढ्या अंतरावर, बोटं पसरलेली. गुडघे दंडांच्या बाहेरच्या बाजूला, कोपरांच्या जरा वर टेकवा. नजर तळव्यांच्या पुढे साधारण 30 सेंटिमीटरवरच्या एका खुणेवर. आता पुढे झुका, पायांची बोटं आपोआप हलकी होईपर्यंत. पाय उचलायचे नाहीत, ते उचलले गेले पाहिजेत. उडी मारून पाय वर फेकणारे सगळे नाकावर येतात.

तोल जमिनीवर पसरलेल्या बोटांनी सांभाळला जातो. पुढे कलंडत असाल तर बोटांची टोकं दाबा, मागे जात असाल तर तळव्याची टाच. दुसरी चूक नजरेची. पायांकडे बघितलं की डोकं खाली जातं, पाठ गोल होते आणि कोलांटी होते. समोर उशी ठेवली तर ती भीती जाते, आणि भीती गेल्यावर लोक पुरेसे झुकतात. तोल न सापडण्याचं नेहमीचं कारण पुरेसं न झुकणं हेच असतं. मनगट दुखत असेल तर आधी आठवडाभर नुसतं उकिडवं बसून तळव्यांवर पुढे-मागे झुलण्याचा सराव करा, 20 वेळा.

दोघांत

जोडीच्या कसरतीत वजनाची वाटणी माणसागणिक ठरवता येते, हा मोठा फायदा. ढकलगाडीचं उदाहरण घ्या. एकाने हातांवर चालायचं, दुसऱ्याने त्याचे पाय धरायचे. 160 सेंटिमीटर उंचीच्या माणसात खांद्यापासून गुरुत्वमध्य सुमारे 43 सेंटिमीटरवर, गुडघे 86 सेंटिमीटरवर, घोटे सव्वा मीटरवर. घोटे धरले तर चालणाऱ्याच्या हातांवर साधारण 65 टक्के वजन येतं. गुडघ्यापाशी धरलं तर गुरुत्वमध्य बरोबर मधोमध येतो आणि वाटणी निम्मी-निम्मी होते. शिवाय कंबरेखालचा लटकता भाग आखूड झाल्यामुळे पोटाला काम कमी. म्हणून नवशिक्याला गुडघ्यापाशी धरायचं आणि महिनाभराने घोट्याकडे सरकायचं. शर्यत लावू नये. मागचा ढकलतो, पुढच्याचे हात मागे पडतात आणि तोंड आपटतं. वेग नेहमी पुढच्याने ठरवायचा, मागच्याने फक्त मागोमाग जायचं. नावात 'ढकल' आहे हे खरं दुर्दैव.

पाठीला पाठ लावून उठणं ही दुसरी चांगली कसरत. दोघांनी पाठीला पाठ लावून बसा, कोपरात कोपर अडकवा, गुडघे वाकवा, टाचा बुडापासून वीत-दीड वीत पुढे. मग दोघांनी एकमेकांच्या पाठीत रेटत छोटी पावलं मागे घेत उठायचं. इथे कोणाचाच गुरुत्वमध्य स्वतःच्या पावलांवर यावा लागत नाही, कारण दोघांचं मिळून एकच आधारक्षेत्र तयार होतं, चारही पावलांमधलं. म्हणून एकट्याने उठू न शकणारेही जोडीत उठतात. अट एवढीच की पाठीचा रेटा तुटता कामा नये. पाठीने रेटायचं सोडून लोक कोपरांनी ओढू लागतात आणि दोघं एका बाजूला लोळतात. उंचीत बराच फरक असेल तर उंच माणसाने टाचा थोड्या आणखी पुढे ठेवाव्यात.

एका पायावरची कोंबडझुंजही घ्या, हात छातीवर बांधून, फक्त खांद्याला खांदा. पाय टेकला की हार. मऊ जमीन हवी, आणि दर 20 सेकंदांनी पाय बदलायचा.

गोल बैठक: सगळे बसलेले, खुर्ची एकही नाही

ही समूहाची सगळ्यात सोपी आणि सगळ्यात चकित करणारी कसरत. 10-12 जण तरी हवेत, कारण त्याहून कमी लोकांत वर्तुळ फार आवळ होतं आणि मांड्या एकामागे एक नीट येत नाहीत. खांद्याला खांदा लावून गोल उभे राहा. सगळ्यांनी उजवीकडे वळा. आता आत सरकत जा, तुमच्या पायाची बोटं पुढच्याच्या टाचांना लागेपर्यंत. हात पुढच्याच्या कंबरेवर. एकाने तीन मोजायचे आणि तिनावर सगळ्यांनी हळूहळू मागच्याच्या गुडघ्यांवर बसायचं. बसल्यावर हात सोडून वर करता येतात.

प्रत्येकाच्या मांडीवर एक माणूस आहे आणि प्रत्येक जण कोणाच्या तरी मांडीवर आहे. त्यामुळे प्रत्येकाच्या नडग्यांमधून एका माणसाएवढंच वजन जमिनीत जातं, वर्तुळात 12 जण असोत की 200. नेहमी उभं राहताना पाय जेवढं वजन पेलतात तेवढंच हे. अपयशाची कारणं दोनच: वर्तुळ लांबट झालेलं असतं, किंवा मधे एका वीतभराची फट असते. फट असलेल्या जागी माणूस गुडघ्यावर न बसता मांडीच्या टोकावरून घसरतो आणि त्याच्या मागोमाग सगळी रांग बसते. बसण्याआधी एकाने बाहेर राहून वर्तुळाभोवती चक्कर मारावी आणि फटी मिटवाव्यात.

मनोरा: भार कोणावर किती?

गोल बैठकीत भार वाढत नाही. मनोऱ्यात तो वाढतो, आणि सगळ्यांवर सारखा वाढत नाही, याचाच बहुतेकांना पत्ता नसतो.

साधा मनोरा घ्या: खाली तीन जण हात-गुडघ्यांवर, त्यांच्यावर दोन, वर एक. वरचा प्रत्येक जण उजवा हात आणि उजवा गुडघा एकाच्या पाठीवर, डावा हात आणि डावा गुडघा शेजारच्याच्या पाठीवर ठेवतो. म्हणजे त्याचं वजन दोघांत निम्मं वाटलं जातं. सगळे 50 किलोचे धरू. सर्वांत वरचा मधल्या दोघांना प्रत्येकी 25 किलो देतो. आता मधला प्रत्येक जण स्वतःचे 50 आणि हे 25 असे 75 किलो खाली पाठवतो, साडेसदतीस डावीकडे, साडेसदतीस उजवीकडे. तळाच्या कडेच्या दोघांवर साडेसदतीस किलोच येतात. तळातल्या मधल्यावर मात्र दोन्हीकडून येऊन 75 किलो.

| मनोरा | एकूण माणसं | तळाच्या कडेच्यावर | तळाच्या सर्वांत मधल्यावर |
|---|---|---|---|
| 3 थर | 6 | 37.5 किलो | 75 किलो |
| 4 थर | 10 | 43.75 किलो | 106.25 किलो |
| 5 थर | 15 | 46.9 किलो | 156.25 किलो |

तिसरा रकाना जवळजवळ जागीच राहतो, कडेच्या माणसावर कधीही 50 किलोहून जास्त येत नाही. चौथा रकाना मात्र पळत सुटतो. पाच थरांत मधल्या माणसाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार असतो, तोही सगळे स्थिर असताना. कोणी वर चढत असेल, हलत असेल तर त्याहून अधिक. म्हणून सगळ्यात मजबूत माणूस कडेला 'आधार' म्हणून ठेवायची पद्धत चुकीची. तो तळाच्या मधोमध हवा, आणि सगळ्यात हलका वर.

पाठीवर पाय किंवा गुडघा कुठे पडतो हेही तितकंच महत्त्वाचं. वरच्याचे हात खालच्याच्या खांद्यांवर आणि गुडघे थेट खुब्यांच्या वर हवेत. कारण खालच्याच्या हातांचे आणि मांड्यांचे खांब तिथेच खाली उभे असतात, भार हाडांतून सरळ जमिनीत उतरतो. पाठीच्या मधोमध गुडघा ठेवला तर खाली खांब नाही, कणा वाकतो. तळाच्या माणसाने तळवे खांद्यांच्या बरोबर खाली, गुडघे खुब्यांच्या बरोबर खाली ठेवायचे, कोपरं सरळ, मान पाठीच्या रेषेत. शेजारच्यांशी खांदे भिडलेले हवेत.

चढायचं मागून, खुब्यावर पाऊल ठेवून, दोन्ही बाजूंना राखणदार उभे असताना. राखणदार म्हणजे पडणाऱ्याला धरायला ठेवलेला माणूस. त्याचे हात वर आणि डोळे वरच्या माणसावर असावेत, कॅमेऱ्यावर नाही. वरचा स्थिर झाला की 3 सेकंद मोजायचे आणि उतरायचं. उतरणं चढण्याच्या बरोबर उलट क्रमाने. मनोरा उभा राहिल्यावर, 'झालं' असं म्हटल्यावरही कोसळू शकतो, कारण तळाचा माणूस वरचा उतरायच्या आधीच सुटका झाली समजून हात वाकवतो. म्हणून 'झालं' हा शब्द वापरू नका. वरचा जमिनीवर आला की त्याने स्वतः 'उतरलो' म्हणायचं, मगच मधल्यांनी हलायचं. तळातल्या कोणालाही 'खाली' म्हणायचा हक्क असतो, आणि तो म्हणाला की कारण न विचारता वरून उतरायला लागायचं.

मग आणखी एक थर का नको?

तीन थरांत वरच्याचे गुडघे जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतात. तिथून पडलेल्याला राखणदार धरू शकतो. पुढे ते शक्य नसतं, आणि कोसळणारा मनोरा बाहेर नाही तर आत, तळातल्या मधल्यांवर पडतो. जपानमध्ये शाळांच्या क्रीडादिनी मोठे मानवी मनोरे करण्याची प्रथा होती आणि थर वाढतच गेले. 2015 मध्ये ओसाकाजवळच्या याओ शहरात एका शाळेचा 10 थरांचा मनोरा कोसळून विद्यार्थी जखमी झाले आणि त्याचं चित्रण देशभर पाहिलं गेलं. पुढच्याच वर्षी ओसाका शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांतल्या मनोऱ्यांवर बंदी आणली. व्यायामासाठी म्हणाल, तर चौथ्या थराने वरच्यांना काहीच मिळत नाही आणि खालच्यांना दुखापत मिळू शकते. आमच्या मते तीन थर ही शेवटची पायरी.

'माझं वजन जास्त आहे, हे माझ्यासाठी नाही'

अंगाचं वजन हाच भार असल्यामुळे जाड माणसाला कसरत जड जाते, हे खरं. पण त्याचाच अर्थ असा की त्याला कमी अवघड प्रकारातही पुरेसा व्यायाम मिळतो. जमिनीऐवजी टेबलाच्या कडेवर हात ठेवून जोर, उशीवरून उठणं, भिंतीला बोट लावून एका पायावर तोल, एवढ्याने सुरुवात होते. उड्या मात्र मागे ठेवाव्यात. उतरताना गुडघ्यांवर अंगाच्या वजनाच्या काही पट भार येतो.

'वय झालं आता'

तोलाचे व्यायाम वय वाढल्यावर सोडायचे नसतात, तेव्हाच करायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत 65 वर्षांपुढच्या लोकांना आठवड्यातून 3 किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद दोन्हींवर भर देणाऱ्या हालचाली करायला सांगितल्या आहेत. ओट्याला हात लागेल अशा जागी एका पायावर 10 सेकंद, मग दुसऱ्यावर, दिवसातून दोनतीनदा, इतकं पुरतं. हाडं ठिसूळ झाली असतील तर खोल वाकण्याच्या आणि उड्यांच्या कसरती टाळाव्यात.

'रोज चालतो, ते पुरेसं नाही का?'

हृदयासाठी चालणं उत्तम. पण चालण्याने हात-खांदे जवळपास रिकामेच राहतात. त्याच सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि त्याशिवाय किमान 2 दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम असं सांगितलं आहे. हे दुसरं बहुतेक जण विसरतात. ती जागा या कसरती भरून काढतात.

शीर्षासन आणि कोलांटी यादीत का नाहीत?

मुद्दाम नाहीत. शीर्षासनात डोक्यावर, म्हणजे मानेच्या मणक्यांवर, शरीराचं जवळपास निम्मं वजन येऊ शकतं, आणि मान त्यासाठी बनलेली नाही. कोलांटीत हनुवटी छातीला लावायची विसरली तर मानच आधी जमिनीला लागते. दोन्ही शिकता येतात, पण शेजारी उभ्या जाणकार शिक्षकाकडून. वाचून नाही. रक्तदाब जास्त असेल किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी कोणतीही कसरत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. गरोदरपणात पडण्याचा धोका असलेली एकही नको.

आठवड्यात किती, कधी वाढवायचं?

आठवड्यातून 3 दिवस, मधे एक दिवस सोडून, प्रत्येक वेळी 20-25 मिनिटं. पहिली 5 मिनिटं मनगटं, खांदे आणि घोटे फिरवण्यात घालवा. मनगटं विशेष, कारण या कसरतींत पहिली तक्रार तिथूनच येते. मग तोलाची एक कसरत, दमायच्या आधी, कारण दमल्यावर तोल शिकता येत नाही. त्यानंतर दोन चाली, प्रत्येकी 5 ते 10 मीटरच्या तीन फेऱ्या, मधे मिनिटभर विश्रांती. शेवटी जोडीची किंवा समूहाची एक. मनोरा करायचा असेल तर तो चालींच्या आधी घ्या, थरथरत्या हातांनी नाही.

जमीन सपाट आणि कोरडी. गवत किंवा 4-5 सेंटिमीटर जाडीची गादी चालते. पातळ चटई फरशीवर सरकते, ती धोक्याची. घड्याळ, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवा.

दुसऱ्या दिवशी स्नायू दुखले तर घाबरू नका, हे दुखणं एक ते तीन दिवसांत जातं. सांध्यात टोचणारं, एकाच जागी बोट ठेवता येईल असं दुखणं वेगळं. ते असेल तर ती कसरत थांबवा. वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवा: अंतर, वेळ किंवा अवघडपणा. ढकलगाडीत गुडघ्यांवरून घोट्यांकडे सरकलात तर फेऱ्या तेवढ्याच ठेवा. व्यायामाच्या ओळीने तीन दिवशी, मधे कुठेही न अडखळता, सगळ्या फेऱ्या झाल्या की पुढचा प्रकार घ्यायला हरकत नाही.